डाव्या बाजूची शिवण

मास्तरांच्या कात्रीला कुणी हात लावायचा नाही, हा त्या दुकानाचा कायदा होता. त्या कात्रीनं कागद कापायचा नाही, सुतळी कापायची नाही, आणि नखं तर मुळीच नाही. हसू नका, एका गिऱ्हाइकानं खरंच ते केलं होतं, आणि मास्तरांनी त्याची पँट एका पायाची शिलाई बाकी असतानाच त्याच्या हातात कोंबून त्याला वाटेला लावलं होतं. हा कायदा बायकोलाही लागू होता. मास्तर कापड बेतायचे, मास्तरीणबाई शिवायच्या. लग्न झाल्यापासून हीच वाटणी, आणि ती बदलावी असं दोघांपैकी कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

दुकान म्हणजे रस्त्यावर उघडणारी एक लांबट खोली. पुढे बेतायचं टेबल, खिडकीशी मशीन, मागे पडद्याआड एक उभा आरसा, गिऱ्हाइकानं कपडे घालून बघायला. वरच्या मजल्यावर राहायच्या दोन खोल्या. पाटीवर नाव मास्तरांचं होतं, पण लोक येत ते बाईंच्या शिलाईसाठी, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी ते कधी बोलून मात्र दाखवलं नाही. चांगल्या कामाला चांगलं म्हणायचं म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. फार तर "बरं झालंय" म्हणत, आणि तेवढ्यावर बाई दिवसभर खुशीत असत. काय म्हणावं अशा माणसाला!

दुखणं सुरू झालं ते एका सकाळी. मास्तर टेबलावर वाकून खडूनं रेघ ओढत होते आणि पोटाच्या डाव्या बाजूला, बरगडीच्या खाली, काहीतरी टोचलं. तुम्हाआम्हाला असं झालं तर आपण पोट धरू. मास्तरांनी शर्ट धरला.

"टाचणी राहिली गं शर्टात!" ते ओरडले.

त्यांनी शर्ट काढला, झटकला, उजेडात धरून पाहिला. टाचणी नव्हती. पुन्हा घातला, पुन्हा टोचलं. मग त्यांचं बोट गेलं ते थेट बाजूच्या शिवणीवर. शर्टाचा पुढचा आणि मागचा भाग काखेपासून खालपर्यंत जोडणारी ती शिवण नेमकी दुखत होती त्या जागेवरून जात होती. झालं! मास्तरांना चोर सापडला.

"ही शिवण काचतेय. बघ जरा," त्यांनी शर्ट मशीनवर टाकला.

बाईंनी मुकाट्यानं शिवण उसवली, पुन्हा घातली, आतून दुमडून मऊ केली. दुसऱ्या दिवशी ती टोचली. मास्तरांनी दुसरा शर्ट घातला, तोही टोचला. तिसरा घातला, तर तिथं नुसतं टोचेना, आगच व्हायला लागली. आता एखाद्या माणसाला सगळेच शर्ट टोचायला लागले, तर त्यानं शर्टाचा विचार सोडून स्वतःचा करावा की नाही? पण मास्तरांचा हिशोब वेगळाच. सगळे शर्ट कुणी शिवले? बायकोनं. मग दोष कुणाचा?

"तुझा हात पहिल्यासारखा राहिला नाही," ते म्हणाले.

बाईंनी हातातलं गिऱ्हाइकाचं काम उलटं केलं आणि त्याच्या शिवणीवरून बोट फिरवलं. मग पुन्हा एकदा फिरवलं.

दुखणं काही चार भिंतींत राहत नाही. शेजारच्या सलूनवाल्यानं मास्तरांना एका अंगावर कलून चालताना पाहिलं आणि वस्तरा हातात घेऊनच तो दारात आला.

"मुतखडा!" त्यानं निकाल दिला. "मला झाला होता ना. कळ अशी येते मास्तर, की माणूस जमिनीवर लोळतो. कंबरेतून निघते ती खाली जांघेपर्यंत. तुम्ही लोळता का?"

"मी कशाला लोळू?"

"मग अजून खडा लहान असेल."

पलीकडच्या घड्याळवाल्याचं अपेंडिक्स काढलं होतं, त्यामुळे त्याला सगळ्या जगाच्या पोटात अपेंडिक्स दिसायचं. ते उजवीकडे खाली असतं आणि मास्तरांना डावीकडे दुखतंय, हे त्याला समजावून सांगितलं तेव्हा त्याचा चेहराच पडला. शिवायला टाकलेला झगा न्यायला आलेल्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी आपल्या पित्ताच्या खड्यांची हकिगत सांगितली. तेही उजवीकडचे, पण वरच्या अंगाला, आणि तेलकट खाल्लं की दुखणारे. कुणी म्हणालं गॅस, कुणी म्हणालं पोट साफ होत नसेल, कुणी म्हणालं वाकून वाकून स्नायू धरला असेल. प्रत्येकानं आपापलं दुखणं मास्तरांच्या अंगावर चढवून बघितलं.

"शिवण काचते आहे, बाकी काही नाही," मास्तर सगळ्यांना एकच उत्तर देत राहिले. बाई खिडकीशी बसून ते ऐकत राहिल्या.

आता जे सांगतो ते मास्तरांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. एका दुपारी बाई वर गेल्या असताना ते घड्याळवाल्याकडून डोळ्याला लावायचं भिंग मागून घेऊन आले. पडद्याआड आरशाखालच्या दिव्याशी बसून त्यांनी शर्टाची शिवण काखेपासून खालपर्यंत तपासली, टाका न् टाका. एकही टाका इकडचा तिकडे नव्हता. दोरा कुठे सैल नव्हता, कुठे ताणलेला नव्हता. दुमड अशी बसवली होती की कापडाला आपण जोडलेले आहोत हे कळू नये. उभ्या आयुष्यात त्यांनी इतकी चांगली शिवण पाहिली नव्हती. आणि तरी त्यांनी ती पुन्हा काखेपासून तपासायला घेतली.

कारण शिवण चांगली असेल, तर मग दुखणं आतलं.

मास्तरांच्या थोरल्या भावाला असंच एका अंगाला दुखायचं. तो हसण्यावारी न्यायचा, "उठताबसता लचकलं असेल" म्हणायचा. शेवटी दवाखान्यात नेला तेव्हा आत गाठ निघाली, आणि पुढे फार काही करता आलं नाही. मास्तर तेव्हा भावाच्या उशाशी बसून होते. शिवण वाईट असली तर उसवता येते, पुन्हा घालता येते, फार तर कापड वाया जातं. आत काही असलं तर माणूस काय उसवणार? म्हणून त्यांना शिवण वाईट हवी होती. भित्रा माणूस खोटं बोलतो ते असं, दुसऱ्याला फसवायला नाही, स्वतःला धीर द्यायला. पण भोगतो दुसराच.

बाई जिना उतरून आल्या. मास्तरांनी भिंग खिशात टाकलं, शर्ट पुढे केला आणि शिवणीच्या मधोमध बोट ठेवलं.

"हा बघ. हा टाका बाहेर आलाय."

बाईंनी चष्मा पुसून पाहिलं. खिडकीशी नेऊन पाहिलं. त्यांना काही दिसलं नाही, कारण दिसण्यासारखं काही नव्हतंच. पण मास्तरांचं बोट तिथं होतं, आणि इतक्या वर्षांत कापडाच्या बाबतीत ते बोट चुकलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

"मला दिसत नाही हो," त्या हळूच म्हणाल्या. "दोरा ओवतानाही हल्ली दोनदा चुकतो माझा."

इथं मास्तरांनी बोलायला हवं होतं. ते टेबलापाशी जाऊन खडू शोधायला लागले.

शेवटी बाईंनीच त्यांना डॉक्टरबाईंकडे नेलं. डॉक्टरबाईंनी मास्तरांना टेबलावर आडवं करून पोट चारी बाजूंनी दाबून पाहिलं. पोट मऊ होतं. ताप नव्हता, उलटी नव्हती, लघवीला त्रास नव्हता. लघवी तपासली, सोनोग्राफी केली. खडा नाही, सूज नाही, गाठ नाही. गाठ नाही म्हटल्यावर मास्तरांचा जीव भांड्यात पडला. मात्र पुन्हा नव्या तपासण्या नकोत म्हणून शिवणीवरचा आरोप त्यांनी आणखीच घट्ट धरला.

"नुसता कपडा लागला तरी आग होते का?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "शर्ट काढला की थांबतं?"

थांबत नव्हतं. वारा लागला तरी आग व्हायची. चादर लागली तरी व्हायची.

"थांबतं," मास्तर म्हणाले. "दुखणं शर्टाचंच आहे, डॉक्टर. हिच्या शिवणीत आता दम राहिला नाही. वय झालं."

बाई दाराशी मास्तरांचा शर्ट हातावर घेऊन उभ्या होत्या. डॉक्टरबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग मास्तरांना बजावलं, "पोटाचं दुखणं एका जागी राहीलच असं नाही. ताप आला, उलट्या झाल्या, पोट कडक झालं, कळ सहन होईना, किंवा कातडीवर काही उठलं, तर शर्टाला दोष देत बसू नका. तडक या."

दुकानात शिरल्यावर बाईंनी हातातलं काम पुरं केलं, गुंडी लावली, घडी घातली. मग मशीनवर लाकडी झाकण घातलं, आणि आपल्या भाचीला फोन लावला. ही त्यांच्या बहिणीची मुलगी. शिवणकाम शिकली होती, लग्न होऊन गावातच होती, आणि पहिलटकरीण होती. बाळंतपणानंतर घरच्या घरी काही करावं म्हणून मशीन शोधत होती.

"माझं घेऊन जा," बाई फोनवर म्हणाल्या. "अगं, नीट चालतंय. मशीनचा काही दोष नाही. माझाच हात गेलाय. लोकांचे कपडे बिघडवण्यापेक्षा थांबलेलं बरं. रविवारी या दोघं."

मास्तर टेबलापाशी उभे होते. त्यांच्या हातातला खडू मोडला.

रविवार यायच्या आधीच नागीण आली. सकाळी मास्तर पडद्याआड आरशापुढे उभे राहिले आणि शर्ट वर केला, तर डाव्या अंगावर लाल पट्टा उठलेला, त्यावर पाण्यानं भरलेल्या बारीक फोडांचे घोस. पाठीच्या कण्यापासून निघून बरगडीखालून वळून तो पट्टा बेंबीपाशी आला होता आणि तिथं थांबला होता, अगदी इंची टेप धरून अर्धी कंबर मोजावी तसा. मास्तर एकटेच डॉक्टरबाईंकडे धावले.

"म्हणजे शर्ट बिचारा निर्दोष सुटला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "लहानपणी कांजिण्या आल्या होत्या ना? त्या गेल्या, पण त्यांचा विषाणू मणक्याजवळ नसेच्या मुळाशी झोपून राहिला. आता जागा झाला आणि त्या एका नसेवरून बाहेर आला. नस डाव्या बाजूची, म्हणून दुखणं डाव्या बाजूला. फोड उठायच्या आधी काही दिवस नुसतीच आग होते, आणि मग सगळ्यांनाच वाटतं पोटात काहीतरी आहे. वेळेवर आलात, गोळ्यांचा उपयोग होईल. मात्र फोड गेले तरी दुखणं काही महिने रेंगाळू शकतं."

वाटेत सलूनवाल्यानं तो पट्टा बघून ऐकीव भीती घातलीच होती की नागिणीनं कंबरेला वेढा पुरा केला की माणूस गेला. मास्तरांनी चाचरत ते विचारलं. डॉक्टरबाई हसल्या. "सलूनवाल्याला म्हणावं केस काप. आणखी एक. ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत त्याला तुमच्या फोडांतून त्या होऊ शकतात. घरात लहान बाळ किंवा कुणी गरोदर येणार असेल, तर खपल्या धरून सुकेपर्यंत येऊ देऊ नका."

मास्तरांनी हा सल्ला असा उचलला की विचारू नका. घरी आल्या आल्या त्यांनी स्वतः, जन्मात पहिल्यांदा, भाचीला फोन केला. "रविवारी येऊ नकोस. डॉक्टरांची सक्त ताकीद आहे. खपल्या पडेपर्यंत मशीनचं नावसुद्धा काढायचं नाही."

बाईंनी ऐकलं, आणि औषधाचं वेळापत्रक भिंतीवर लावलं. सेवा त्यांनी अगदी नीट केली. फोडांवर मलमाची पट्टी ठेवत, जुनं मलमल धुऊन धुऊन मऊ करून देत. फक्त मशीनचं झाकण काढलं नाही. गिऱ्हाइकांना म्हणत, "मी शिवणं सोडलं." मास्तर स्वतः टीप मारायला बसले, तर ती अशी वेडीवाकडी गेली की शिक्षिकाबाईंनी आपला नवा झगा उलटा करून पाहिला आणि विचारलं, "अहो, हे कुणाकडून शिवून आणलंत?"

मास्तर पडती बाजू घ्यायला बघत होते, पण आडवाटेनं. बाईंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सलूनवाल्याला म्हणाले, "नागीण होती रे, बाकी काही नाही!" जेवताना म्हणाले, "आजारात माणूस वाट्टेल ते बोलतो."

बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. "तुम्ही आजारात बोलला नाहीत. तुम्ही टाक्यावर बोट ठेवून दाखवलंत. नागीण झाली म्हणून बाहेर आलेला टाका आत जात नाही. उगीच माझी समजूत घालू नका."

आता मास्तरांना कळलं की या बाईला राग आलाच नव्हता. राग आला असता तर काढता आला असता. तिनं विश्वास ठेवला होता. तिच्या हाताचं हे मरण त्यांच्या बोटानं ओढवलं होतं, आणि ते परत घ्यायचं तर एकच उपाय होता. मी खोटं बोललो, असं तोंडानं म्हणायचं. मास्तरांनी आयुष्यात ते कधी कुणाला म्हटलं नव्हतं. उद्या बोलू म्हणत त्यांनी एकेक दिवस ढकलला, आणि खपल्या आपल्या गतीनं सुकत आल्या. एरवी माणूस दुखणं जाण्याची वाट बघतो. मास्तर रोज आरशापुढे उभे राहून एखादी खपली ओली आहे का ते बघायचे.

शेवटी एक दिवस डॉक्टरबाईंनीच सांगितलं, आता कुणाला धोका नाही. भाची आणि तिचा नवरा टेम्पो घेऊन दारात आले.

"काका, बरं वाटतंय ना?" भाचीनं विचारलं. तिच्या नवऱ्यानं मशीनचा पाय हलवून वजनाचा अंदाज घेतला. बाईंनी खणातली रिळं, बॉबिनं, तेलाची कुपी एका पिशवीत भरून भाचीच्या हातात दिली, आणि मशीनवरून फडकं फिरवलं. पुसून झालेली जागा त्यांनी पुन्हा पुसली. ते मास्तरांना बघवेना.

"थांबा जरा," ते म्हणाले आणि पडद्याआड गेले.

बाहेर आले ते तोच शर्ट घालून. पहिल्या दिवसापासून ज्याच्या नावानं खडे फोडले होते, तोच. इतके दिवस ते वरच्या अंगाला नुसतं सैल मलमल गुंडाळून वावरत होते, कारण आग गेलेली नव्हती. शिवण अंगाला लागली तसं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. चेहरा पांढरा पडला, पण त्यांनी गुंड्या वरपासून खालपर्यंत लावल्या.

"अहो, हे काय करताय? काढा तो आधी!" बाई पुढे आल्या. "दुखतंय ना?"

"दुखतंय," मास्तर म्हणाले. "पण शिवण दुखत नाही. मी दुखतोय. पहिल्यापासून मीच दुखत होतो." त्यांनी टेबलाची कड धरली. "तो टाका बाहेर आलेला नव्हता. मी घड्याळवाल्याचं भिंग आणून पाहिलं होतं. शिवणीत काही नव्हतं. इतकी सुरेख शिवण मी कुणाची बघितली नाही, आणि तरी बोट ठेवलं."

भाचीचा नवरा मशीनचा पाय धरून तसाच वाकून राहिला.

"का?" बाईंनी विचारलं.

"घाबरलो होतो गं. दादासारखं निघेल म्हणून. शिवण वाईट निघाली असती तर मी वाचलो असतो."

मग बाई भडकल्या, इतक्या दिवसांचं एकदम. "आणि मी काय करत होते माहितीय? रोज दुपारी डोळे मिटून बोटानं शिवणी तपासत होते! माझंच बोट बधिर झालं असं वाटायचं मला! भीती वाटत होती तर मला सांगायचं होतं. मी काय परकी आहे?"

"चुकलो," मास्तर म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून त्या दुकानाच्या भिंतींनी पहिल्यांदाच ऐकला.

बाईंनी पदरानं डोळे पुसले. मग त्यांनी हात पुढे केला.

"कात्री द्या."

"कुठली?"

"तुमची."

मास्तरांनी टेबलावरची मोठी कात्री उचलली. क्षणभर ती त्यांच्या हातात राहिली. मग त्यांनी ती मुठीकडून बायकोपुढे धरली. बाईंनी शर्टाची डावी बाजू अंगापासून अलगद दूर धरली, आणि आपली ती निर्दोष शिवण खालपासून काखेपर्यंत एका दमात कापून काढली. कापड दोन्हीकडे सुटलं. मास्तरांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला.

"महिनेच्या महिने दुखणार म्हणतात ना? मग सगळे शर्ट एका बाजूनं उघडे करू. कडा दुमडून बंद लावते, हवे तेव्हा बांधा," त्या म्हणाल्या, आणि भाचीकडे वळल्या. "ती पिशवी दे गं इकडे. पांढरं रीळ वरच असेल."

"आणि मशीन, मावशी?" भाचीनं विचारलं.

"तुझ्यासाठी दुसरं बघू. हे चालू आहे," बाई म्हणाल्या, आणि स्टूल ओढून मशीनवर बसल्या.

दोरा ओवताना तो एकदा चुकला. मास्तर शेजारीच उभे होते. त्यांनी दिवा थोडा जवळ ओढला. दुसऱ्या खेपेला दोरा गेला. कात्री बाईंच्या उजव्या हाताशी मशीनवरच पडून होती, आणि मास्तरांनी ती परत मागितली नाही.